घाटात बंद पडणारा एसी

माझं माहेर घाटावर, चिखलीकडे, आणि सासर घाटाखाली. बुलढाणा जिल्ह्यात एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. घाटावरची हवा मऊ, उन्हाळ्यातही पहाटे गोधडी पायाशी लागते. घाटाखाली मे महिना म्हणजे चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखा. लग्न होऊन मी वरवट बकालला आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात यांना विचारलं होतं, तुमच्या गावात माणसं राहतात की पापड वाळत घातलेत. हे नुसते हसले. हसून विषय संपवायची त्यांची ही सवय मला पुढे पस्तीस वर्षं चीड आणत राहिली.

हे गुरांचे डॉक्टर होते. नोकरीत फिरत फिरत मोताळ्याला आले, मलाही तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली मिळाली, आणि आम्ही तिथेच घर बांधलं. अख्खा तालुका त्यांना डॉक्टर साहेब म्हणायचा. अडलेली गाय, फुगलेला बैल, काहीही असो, हे आधी दहा मिनिटं नुसते जनावराजवळ उभे राहायचे. हात लावायचे नाहीत, बोलायचे नाहीत. जनावर काय करतं ते पाहायचे. मी एकदा म्हटलं होतं, बोलता येत नाही अशा प्राण्यांशीच तुमचं बरं जमतं. त्यावरही हसले.

सोळा वर्षांपूर्वी गाडी घ्यायचं ठरलं. यांचं म्हणणं, साधी घेऊ, एसी कशाला, काचा खाली केल्या की झालं. मी ऐकणार नव्हते. वरवटला सगळे दीर, जावा, नणंदा बसलेल्या असताना मी जाहीर केलं की एसी नसेल तर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. मोठ्या दिरांनी मान खाली घालून सुपारी कातरायला घेतली. मधल्या जाऊबाई पदराआड हसल्या, ते मी पाहून ठेवलं. माझ्या नाकावर राग आणि तोंडून निघालेला शब्द मागे घेणं रक्तात नाही. माझे वडील म्हणायचे, हिच्यासारखं नाक असेल तर नथ घालायची भीती वाटते.

एसीची गाडी आली. पांढरी. पेढे वाटून झाले आणि पहिल्याच रविवारी आम्ही राजूर घाट चढून बुलढाण्याला माझ्या बहिणीकडे निघालो. डावीकडच्या जाळीतून गार हवेचा झोत थेट माझ्या कानावर. घाटाच्या निम्म्यात डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली. बहिणीच्या घरी पोचेपर्यंत डोळा उघडवेना. मला लहानपणापासून अर्धशिशीचा त्रास, आणि कानाला गार वारा लागला की ती उठते, हे मला गाडी घ्यायच्या आधी आठवायला हवं होतं. आता आठवून काय उपयोग. ज्या एसीसाठी सगळ्या सासरासमोर मी हट्ट धरला, तोच सोसत नाही असं कोणत्या तोंडाने सांगणार? बहिणीने विचारलं, काय गं, चेहरा का उतरलाय. मी म्हटलं, काही नाही, गाडीत इतकं गार होतं की बाहेरचं ऊन सोसेना. पडले तरी नाक वर.

त्यानंतर मी एक युक्ती काढली. घाट सुरू झाला, की सहज म्हणून पदर डोक्यावरून घ्यायचा आणि डाव्या कानावर ओढून धरायचा. यांनी दोनदा विचारलं, बंद करू का. दोन्ही वेळा मी फाडकन म्हटलं, कशाला, मला काय झालंय? तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

आणि मग, गाडीला तीन-चार महिने झाले असतील, एसी बिघडला. बिघडला म्हणजे कसा, तर चांगला चालता चालता घाटात मधेच बंद पडायचा. टक् असा बारीकसा आवाज व्हायचा, जाळीतून साधी हवा यायला लागायची. मी म्हणायचे, झालं, गेला तुमचा एसी. हे रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, "गॅस गेला असन वं. पाहू उद्या मिस्त्रीकडं." मग मी काच खाली करायचे आणि वळणावळणाला त्यांना बोलत राहायचे. इतके पैसे घालून खटारा आणला. घाटाखालच्या माणसाला वस्तू पारखता येत नाही. तो मिस्त्री तुमच्यासारखाच, गुरांना इंजेक्शन द्यायचं तर गाडीला देत असेल. बोलून बोलून घाट संपायचा, बहिणीचं घर यायचं, आणि माझं डोकं दुखत नसायचं. डोकं न दुखण्याचा आणि एसी बंद पडण्याचा संबंध मला कळत नव्हता असं नाही. मनातल्या मनात मी त्या बिघाडाचे आभारच मानायचे. पण तोंडाने गाडीला शिव्या द्यायची सोय झाली होती, ती मी का सोडू?

दुसऱ्या दिवशी हे खरंच गाडी घेऊन मिस्त्रीकडे जायचे आणि तासाभराने परत यायचे. झाला दुरुस्त, म्हणायचे. पुढच्या घाटापर्यंत तो दुरुस्त असायचा.

काही वर्षांनी त्यात क्लचच्या आवाजाची भर पडली. पाय दाबला की चीं असा बारीक, लांबट आवाज, आत कुठे पक्ष्याचं पिल्लू अडकल्यासारखा. हे फिरतीवरून घरी यायचे तेव्हा पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गाडीचा वेग उतरवायचे, क्लच दाबायचे, आणि तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी चहाचं आधण ठेवायचे. हे पायरीशी चपला काढेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. बायका विचारायच्या, तुम्हाला कसं कळतं डॉक्टर आले ते? मी म्हणायचे, आमची गाडी रडत येते.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, हे गेले. आठ दिवस दवाखान्यात होते. शेवटपर्यंत मी त्यांच्यावर रागावतच होते, की औषध वेळेवर का घेत नाही, डॉक्टर असून जनावरासारखं काय वागता. त्यावरही हसले. आता माझ्यावर हसणारं कुणी नाही, आणि ते मला फार जाणवतं. भाजीवाल्याशी भांडून घरात यावं आणि ते कुणाला सांगता येऊ नये, याच्याएवढं रिकामं मला दुसरं काही माहीत नाही.

गाडी दारात उभी होती. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, काढून टाकू. मी त्याच आठवड्यात बुलढाण्याच्या ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. साठी उलटलेली बाई गाडी शिकते म्हणून गल्लीत बरेच दिवस करमणूक झाली. यांनी पूर्वी एकदा मला शिकवायचा प्रयत्न केला होता, मी भररस्त्यात गाडी सोडून चालत घरी आले होते. शाळेतल्या शिक्षकाने मात्र मला नीट शिकवलं. त्याचा एक नियम तो पोपटासारखा म्हणायचा, गिअर पडला की पाय क्लचवरून काढायचा आणि डावीकडे मोकळ्या जागेत टेकवायचा. मी आयुष्यभर पोरांना नियम पाळायला लावलेली मास्तरीण. मी पाळला.

गाडी चालवू लागले आणि दोन्ही दुखणी माझ्या वाट्याला आली. क्लच दाबला की चीं. आणि एसी उभ्या गाडीत उत्तम, पण गाडी चालू लागली की मधेच टक्, बंद. कधी परत आपोआप सुरू व्हायचा, कधी नाही. डाव्या बाजूची जाळी मी बंद करून ठेवायचे, त्यामुळे आता मला तो सोसायचा, आणि मेमध्ये हवाच असायचा. आमच्या मिस्त्रीकडे जायचं मी साफ टाळलं. चौदा वर्षांत ज्याला एक एसी दुरुस्त करता आला नाही त्याचं तोंड काय पाहायचं? बुलढाण्याच्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी तीनदा गॅस भरला आणि चौथ्यांदा सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. क्लचही पूर्ण बदला म्हणाले. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आई, जुन्या गाडीला एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पिंपळगाव राजाचे एक ओळखीचे घेतो म्हणताहेत, रविवारी बघायला येतील.

मी चिडले. चिडून शब्द देऊन बसले. म्हटलं, ठीक आहे, रविवारच्या आत दोन्ही बिघाड निघाले तर गाडी राहील, नाही निघाले तर येणाऱ्यांना देऊन टाक. फोन ठेवल्यावर कळलं की आपण काय बोललो. दारात ती गाडी नसली तर या घरात त्यांचं चालतंबोलतं असं काही उरणार नव्हतं. कपडे मी देऊन टाकले होते. चष्मा कपाटात होता, पण चष्मा काही बोलत नाही. ही गाडी निदान वळणावर चीं करायची. ते मीच दाबून मीच ऐकायचे, आणि घरात चहा ठेवायला कुणी नसायचं, तरी मला ते हवं होतं.

शुक्रवारी सकाळी नाक मुठीत धरून मिस्त्रीकडे गेले.

त्यांची शेड मोताळ्यातच, बाजाराच्या मागच्या बाजूला. मुस्लिम मोहल्ल्यातलं जुनं घराणं. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, मिस्त्रींनी मोटारगाड्यांचं काम धरलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. हे गेले तेव्हा मिस्त्री अंगणात येऊन तासभर बसले होते आणि उठून गेले होते. मी गाडीतून उतरले तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, सलाम केला आणि स्टूल पुसून पुढे केलं. दोन वर्षं कुठे होतात असं विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. गॅस, कॉम्प्रेसर, रविवार, पिंपळगाव राजा. ते ऐकत होते आणि गाडीकडे पाहत होते. आमचे हे जनावरासमोर उभे राहायचे तसेच.

आधी क्लच. मला गाडीत बसवून त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, गिअर न टाकता. लाकडी मुठीचा लांब पेचकस घेतला, त्याचं टोक खाली गिअरबॉक्सला टेकवलं आणि मुठीला कान लावला. हाताने खूण केली, दाबा. मी पाय दाबला. चीं. खूण केली, सोडा. सोडला. गप्प. पुन्हा दाबा, अगदी हलका. पाय नुसता टेकवला तरी चीं सुरू. त्यांनी मला खाली बोलावलं आणि पेचकस माझ्या कानाला लावून स्वतः पेडल दाबलं. इतकी वर्षं मी तो आवाज लांबून ऐकला होता. आता तो थेट डोक्यात शिरला, आणि मला क्षणभर भ्रम झाला की हे टाकीजवळ आले.

मिस्त्रींनी समजावून सांगितलं. पाय सोडलेला असताना आवाज आला असता आणि दाबल्यावर थांबला असता तर दोष गिअरबॉक्सच्या आत होता, मोठं काम. गाडी उचलताना थरथर असती तर क्लच प्लेट गेली होती. हा आवाज नुसता पाय टेकवल्यावर येतो, म्हणजे क्लच बेअरिंग. बेअरिंग एकटंच बदलायचं, बाकी सगळं ठीक. मी विचारलं, मग ते एकटंच कसं झिजलं? 

"बाई, हा आवाज गाडीचा नाई, पायाचा हाये," ते म्हणाले. "साहेबाचा डावा पाय कायम क्लचवर राहे. हलका. चालता चालता बेअरिंग फिरतच राहे."

मला रागच आला. तीस वर्षं मोटारसायकल, जीप, गाडी चालवलेला माणूस, आणि पहिला नियम माहीत नसावा? मी म्हटलं, पाय बाजूला ठेवायचा असतो, मला तर आठवड्यात शिकवलं. मिस्त्री पेचकस फडक्याने पुसत राहिले.

मग एसी. बोनेट उघडून त्यांनी चालू करायला लावला. कॉम्प्रेसरच्या तोंडाची थाळी टक् करून चिकटली आणि फिरू लागली. एक नळी त्यांनी माझ्या हाताला लावली, गरम. दुसरी लावली, गार, वरून दव धरलेली. म्हणाले, कॉम्प्रेसर जिवंत आहे, गॅस पुरेसा आहे. मग रस्त्यावर का बंद पडतो? ते म्हणाले, चला, तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो.

बाजाराचा दिवस होता. टोपल्या घेऊन आलेल्या बायकांतून वाट काढत मी गाडी मोठ्या रस्त्याला आणली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. एसी छान गार. मिस्त्री समोर बघत नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते. मला ते बरं वाटलं नाही आणि मी तसं म्हणणारही होते. चौथा गिअर टाकला, क्लच सोडला, शिकवल्याप्रमाणे पाय डावीकडे टेकवला. टक्. जाळीतून साधी हवा.

मिस्त्रींनी डोळे मिटले. म्हणाले, परत फिरवा.

शेडमध्ये आल्यावर ते माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले. मग म्हणाले, बाई, एसीला काही झालेलं नाही. खर्च करू नका. मी म्हटलं, मग बंद कसा पडला, तुमच्या डोळ्यांदेखत? ते म्हणाले, एक गोष्ट आहे, पण ती साहेबांची अमानत आहे. मला सांगता येत नाही. मी माझा शाळेतला आवाज काढला. त्या आवाजाने तालुक्याचा सभापतीही एकेकाळी बाकावर उभा राहिला होता. मी म्हटलं, मिस्त्री, परवा रविवारी ही गाडी दुसऱ्याच्या दारात जाईल, मग ती अमानत कुणाजवळ ठेवणार?

ते खाली वाकले. माझ्या पायाखालची रबरी मॅट काढली, तिच्याखालचा गालिचा डावीकडून उलटा केला. तिथे एक लोखंडी बोंड होतं, अंगठ्याएवढं. गाडी झाडताना ते मला कितीदा हाताला लागलं होतं, मला तो सांगाड्याचा बोल्ट वाटायचा. मिस्त्रींनी ते दाबलं. बोनेटखाली टक् झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. जुन्या जीपमध्ये दिव्याचा झोत खालीवर करायला पायाने दाबायचं बटण असायचं, ते. तिथून एक वायर कॉम्प्रेसरला गेली होती.

"साहेबानं बसवून घेतलं होतं," मिस्त्री म्हणाले. "बाईले ठंडी हवा सोसत नाई, अन् त्या सांगत नाई. पदर कानावर ओढला का समजून जायचं, म्हने. मी म्हटलं, साहेब, सरळ बंद करत जा नं. त म्हने, बंद केला त बाईले कमीपना वाटन. सगळ्याईसमोर बोलून बसली हाये ते. दोष गाडीचा पाह्यजे, बाईचा नोको."

मी गाडीतून उतरून स्टूलवर बसले. कुणीतरी पाणी दिलं. मिस्त्री उरलेलं हळूहळू सांगत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर साहेब गाडी घेऊन यायचे, चहा प्यायचे, बाई घाटात काय काय बोलल्या ते सांगून हसायचे आणि निघून जायचे. गाडीला कधी पाना लागला नाही. मिस्त्री म्हणायचे, साहेब, माझं नाव खराब होऊन राहिलं तुमच्या घरी. साहेब म्हणायचे, होऊ दे, तुझी बाकीची गिऱ्हाइकं आहेत, मला हीच एक आहे.

मी विचारलं, आणि क्लच? विचारायची गरज नव्हती, मला उत्तर दिसत होतं. डाव्या पायाची टेकायची जागा त्यांनी त्या बटणाला देऊन टाकली होती. तिथे पाय टेकवला असता तर बटण उगाच दाबलं गेलं असतं, म्हणून पाय अधांतरी धरायचा, आणि अधांतरी धरलेला पाय थकून क्लचवर टेकणारच. चौदा वर्षं तो पाय तसा होता. ज्या आवाजावर मी चहा ठेवायचे तो त्याच पायाचा. आणि मी काय म्हणत होते, घाटाखालच्या माणसाला वस्तू पारखता येत नाही.

मी रडले. बाजाराच्या दिवशी, मिस्त्रीच्या शेडमध्ये, लोकांच्या देखत. मिस्त्री गाडीच्या पलीकडे जाऊन काहीतरी शोधत राहिले, त्यांना काही सापडायचं नव्हतं.

दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली उतरला आणि बेअरिंग बाहेर आलं. बांगडीएवढं, काळं. मिस्त्रींनी ते हातात फिरवून दाखवलं, तर हातातही बारीक चीं झालं. न बदललं तर काय होईल, मी विचारलं. ते म्हणाले, आज नाही, उद्या नाही, पण एक दिवस घाटात गाडी उभी राहील आणि तुम्ही एकट्या असाल. साहेबांना ते आवडलं नसतं. मी म्हटलं, बदला. जुनं बेअरिंग त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकलं. ते मागून घ्यावं असं मला घरी गेल्यावर वाटलं, तेव्हा सुचलं नाही.

बटण काढू का, असं त्यांनी विचारलं. वायर सरळ जोडली की एसी कधी बंद पडणार नाही. मी नको म्हटलं. पाय कुठे ठेवायचा ते आता मला माहीत होतं. निघताना मी त्यांना म्हटलं, मिस्त्री, चौदा वर्षं मी तुमच्या कामाला नावं ठेवली. ते म्हणाले, साहेब येऊन सगळं सांगत होते, बाई, मला तोंडपाठ आहे.

शनिवारी गाडी घाटात तपासून बघायची होती. मिस्त्रींनीच सांगितलं होतं, एसी पूर्ण चालू ठेवून राजूर घाट चढा, क्लचचा आवाज येतो का ऐका. मी सकाळी दहाला निघाले. उन्हाने रस्ता पांढरा दिसत होता. मोताळा सुटलं, घाट लागला. पाय उचलला की उचललेला, टेकवायचा नाही, हे जमायला अवघड जात होतं. दुसऱ्या वळणापर्यंत मांडी भरून आली. मी एक घाट चढत होते, त्यांनी चौदा वर्षं हे केलं. प्रत्येक वळणाला क्लच दाबत होते आणि कान देत होते. आवाज नाही. एसी गार, एकसारखा. गाडीत आता काहीही बिघाड नव्हता, मी पैज जिंकले होते.

मग मी डावीकडची जाळी उघडली आणि माझ्याकडे वळवली. का ते सांगता येणार नाही. हवा थेट कानावर आली. आणखी दोन वळणं गेली आणि डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली, अगदी ओळखीची. मी एका हाताने पदर डोक्यावर घेतला आणि कानावर ओढला. आणि वाट पाहिली. वेड्यासारखी, शेजारी कोण बसलंय आणि गाडी कोण चालवतंय याचा हिशेब विसरून, मी टक् व्हायची वाट पाहिली. एक वळण. दुसरं वळण. एसी चालूच होता.

तेव्हा मी बोलले. मोठ्याने, रिकाम्या गाडीत, जे सोळा वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

"अहो, बंद करा ना तो. माझं डोकं दुखतंय."

हवा तशीच येत राहिली. पुढे एक ट्रक धूर सोडत चढत होता, त्याच्या मागे मी बराच वेळ होते. मग डावा पाय खाली टेकवला आणि बटण मीच दाबलं. टक्. काच खाली केली, बाहेरचं ऊन आत आलं, आणि तोंडात बोलणं आलं होतं पण ते कुणाला बोलायचं हे कळेना.

घाट चढून वर आल्यावर गाडी बाजूला घेतली आणि पिंपळगाव राजाला फोन लावला. उद्या येऊ नका म्हटलं, गाडी देण्यासारखी नाही. ते गृहस्थ भले होते. त्यांनी विचारलं, काऊन बाई, काय बिघाड निघाला?

मी म्हटलं, एसी घाटात मधेच बंद पडतो.